खंडेनवमीचं तेल

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं पाना घेऊन गाडीखाली चाकापाशी पडायचं आणि दुसऱ्यानं वर बसून ब्रेकचं पेडल दाबायचं. आमच्याकडे खाली पडणारे हे, आणि वर बसणारी मी. लष्करात बावीस वर्षं गाड्या दुरुस्त करून हे घरी आले तेव्हापासून असंच चालत आलं आहे. हे खालून "दाब" म्हणतात, मी दाबते. "धर" म्हणतात, मी पाय तसाच धरून ठेवते. तेवढ्यात हे चाकामागची बारीक तोटी सैल करतात. तिच्यातून तेल आणि हवेचे बुडबुडे बाहेर येतात, पेडल खाली जातं, हे तोटी आवळतात आणि म्हणतात, "सोड." मग पुन्हा पहिल्यापासून.

मला गाडी चालवता येत नाही. पण हे काम मला आवडायचं. त्यात बोलावं लागत नव्हतं.

मी चौथी शिकले. चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, हे माहेरी आणि सासरीही सगळ्यांना ठाऊक आहे. या वहीत लिहिते ते माझ्यापुरतं. यंदाच्या दसऱ्याच्या आगेमागे जे झालं ते तोंडानं सांगून झालं आहे, पण सांगताना मनातलं निम्मं राहून गेलं. ते इथं लिहून ठेवते.

गाडी जुनी आहे, माझ्या लग्नाच्याही आधीची. गोल नाकाची, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बुडाशी. लेकीसाठी पाचगणीचं स्थळ बघायला गेलो तेव्हा पाव्हण्यांच्या मागच्या बंगल्यातल्या शेडमध्ये ती धूळ खात उभी होती. ह्यांनी मुलगा एकदा बघितला आणि गाडी तीनदा. आमचे व्याही स्ट्रॉबेरीचे शेतकरी, बोलण्यात कुणाला ऐकायचे नाहीत. ते अजून सांगतात, "आमी पोरगा दावाया बोलावलं, आन पाव्हणं मोटार पसंत करून गेलं." पुढं लग्नही झालं आणि गाडीही तासगावजवळच्या आमच्या गावी आली. दोन वर्षं हे तिच्यात हात घालून होते. ती रस्त्यावर आली तेव्हा ह्यांनी कारखान्याच्या रस्त्यानं मला एकटीला फिरवून आणलं.

यंदा लेकीला दिवस गेले. दसऱ्याच्या आधी पाचगणीला डोहाळजेवण झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा तिला खाली आणायचं होतं. ह्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "लेक माझ्या गाडीतनं न्हेणार."

व्याही म्हणाले, "पाव्हणं, लेकीला गाडीत बसवायची, का गाडीला लेकीनं ढकलायची?"

बायका हसल्या. ह्यांचे कान लाल झाले. "कोजागिरीनंतरच्या रविवारी दारात गाडी उभी करतो," हे म्हणाले. "बघा तुमी."

त्या दिवसापासून रविवार ह्यांच्या डोक्यात बसला. पाचगणीहून खाली यायचं म्हणजे पसरणीचा घाट उतरायचा. एका बाजूला डोंगर, एका बाजूला खोल, आणि गाडीत सात महिने उलटलेली पोर.

दसरा झाल्यावर चार दिवसांनी हे गाडी घेऊन बागेकडं गेले आणि लगेच परत आले. पण परत आले ते चालत. गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला गेलं. पुन्हा दाबलं तेव्हा ब्रेक लागला, पण तोवर गाडी शेजारच्यांच्या कडब्याच्या गंजीत नाक खुपसून उभी होती. शेजारीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भावजी, गाडीला वैरण घालायची हुती तर मागायची की!"

हे हसले नाहीत. गाडी ढकलत अंगणात आणली.

ह्यांची एक पद्धत आहे. आधी डोळ्यानं बघायचं, मग हातानं, आणि खोलायचं ते सगळ्यात शेवटी. ह्यांनी चारी चाकांच्या आतून, पाईपांच्या जोडांवरून बोट फिरवलं. कुठं ओल नाही. बॉनेट उघडून ब्रेकच्या तेलाची डबी बघितली. डबी भरलेली.

"तेल भरलेलं, गळती न्हाई. मग पेडल जातंय कुठं?" हे स्वतःशीच बोलत होते.

डबी भरलेली आहे हे ऐकून मला बरं वाटलं होतं. ती मीच भरली होती. त्या घडीला माझ्या मनात एवढंच आलं, की आपण वेळेवर भरली म्हणून बरं झालं.

मग चाकातल्या ब्रेकच्या पट्ट्या आवळून झाल्या. हवा काढून झाली. पेडल वर आलं, दगडासारखं कडक. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मऊ. पुन्हा हवा काढली. पाय धरून बसले असताना मला कळलं, की पेडल जागेवर राहत नाही. दाबून ठेवलं की हळूहळू खाली जातं, चिखलात पाय रुतत जावा तसं.

"जातंय," मी म्हणाले.

"काय?"

"पाय. हळूहळू खाली जातोय."

हे गाडीखालून बाहेर आले. "मग हवा न्हवं. कुठंतरी रबर गेलं. तेल त्याच्या कडंनं आतल्या आत निसटतंय." मागचं उजवं चाक काढलं, त्यामागचा ब्रेकचा ड्रम काढला. आत बोटाएवढी लोखंडी नळी असते, तिच्या दोन तोंडांना दोन रबरी वाट्या. तेल त्या वाट्यांना बाहेर ढकलतं आणि ब्रेक लागतो. ह्यांनी त्यातली एक वाटी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

ती फुगली होती. रात्रभर भिजलेल्या हरभऱ्यासारखी. कडेची धार गेलेली, आणि नख लावलं तर नख आत जात होतं.

"झिजलं असतं तर बारीक झालं असतं," हे म्हणाले. "हे फुगलंय. ह्यात दुसरं तेल गेलंय. मशीनचं, इंजनचं, कसलंबी तेल ब्रेकला चालत न्हाई. ब्रेकचं तेल दिसायला तेल, पण ती जातच निराळी. दुसरं पडलं की रबर असं सडतंय. आर्मीत असलं कुणी केलं असतं तर उभं जाळलं असतं त्याला."

वाटी माझ्या हातात होती. मी ती खाली ठेवली.

आमच्या घरात खंडेनवमीची एक रीत आहे. माझ्या सासऱ्यांनी घालून दिलेली. घरात जे जे फिरतं, हलतं, चालतं, त्याला त्या दिवशी घरच्या बाईच्या हातानं तेल मिळालं पाहिजे. शिलाई मशीन, कडबाकुट्टी, सायकल, विहिरीवरच्या मोटारीचं चाक. आधी सासूबाई घालायच्या, आता मी घालते. यंदा हे झेंडूची फुलं आणायला तासगावला गेले होते. गाडी पुसून बॉनेट उघडं ठेवलं होतं. मी हळदीकुंकू घेऊन गेले तर आतल्या बाजूला ती छोटी डबी दिसली. झाकण काढून बघितलं, तेल निम्म्याखाली गेलेलं. पातळ, पिवळसर, शिलाई मशीनच्या तेलासारखंच. मशीनच्या तेलाचा डबा हातातच होता. मला वाटलं, सगळ्यांना थेंब थेंब दिलं आणि गाडीची डबीच तेवढी रिकामी ठेवायची? मी ती काठोकाठ भरली. झाकणाला कुंकू लावलं.

हे आल्यावर कुंकू बघून म्हणाले होते, "वा! ह्याला म्हणत्यात पूजा."

आता हे त्या ड्रमपाशी बसून विचार करत होते, दुसरं तेल आलं कुठून. मी तिथंच उभी होते. एक वाक्य होतं फक्त. मी पदर तोंडाला लावला आणि पाणी आणायला म्हणून आत गेले.

बाहेर आले तोवर ह्यांनी उत्तर शोधलं होतं. ब्रेकचं तेल ह्यांच्या मित्राच्या दुकानातून आलं होतं. तो आणि हे लष्करात एकाच कंपनीत गाड्या दुरुस्त करायचे. तो आधी सुटला आणि सांगलीला सुट्या भागांचं दुकान टाकून बसला. आमच्याकडं त्याचं येणंजाणं वीस वर्षांचं. मी दाराआडून चहा द्यायची, तो "वहिनी, झकास" म्हणायचा, आणि मी आत जायची. त्याच्याशी बोलणं एवढंच.

ह्यांनी त्याला फोन लावला. "तू मला डुप्लिकेट बाटली दिलीस," हे म्हणाले. फोन ठेवला तेव्हा दोघंही ओरडत होते, ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकलवरून स्वतः आला. पिशवीत त्याच खोक्यातली दुसरी बाटली. अंगणात उभ्या उभ्या त्यानं ती फोडून हातावर ओतली.

"हे बघ. वास घे. हेच तेल माझ्या गाडीत हाय, माझ्या पोराच्या गाडीत हाय. त्यांचं रबर फुगलं न्हाई, तुझंच कसं फुगलं?"

"ते तू मला सांग."

"तुझ्या घरात कुणी काय वतलं असल."

"माझ्या घरात गाडीला हात कोण लावतंय?" हे म्हणाले. "मी, आणि माझी बायको. ती बी पाय दाबती तो मी दाब म्हटल्यावर. तिला काय कळतंय त्यातलं? तिचं नाव घिऊ नगस."

मी दारामागं उभी होते. हे माझी बाजू घेत होते.

"गड्या, मी तुला लेकीच्या गाडीसाठी डुप्लिकेट देईन?" त्याचा आवाज उतरला होता. "लेक तुझी एकट्याची हाय व्हय रं?"

"दुकानदार झालास की बदलतंय माणूस."

त्यानं बाटली ओट्यावर ठेवली, रुमालानं हात पुसला. चहाला उकळी आली होती. मी कप भरून दारापर्यंत आणला तेव्हा मोटारसायकल चालू झाली होती.

हे ती बाटली उचलून उकिरड्यावर टाकून आले. दुसऱ्याच दुकानातून नवं तेल आणि चारी चाकांची रबरं आणली. दोन दिवस काम चाललं. जुनं तेल काढून टाकलं, चाकातल्या नळ्या स्पिरिटनं धुतल्या, नवी रबरं बसवली. बॉनेटखाली पेडलाच्या पुढं मोठा सिलेंडर असतो, मास्टर. डबीतलं तेल आधी त्यात येतं आणि तिथून चारी चाकांना जातं. त्याच्या आतही रबरं असतात. तो ह्यांनी उघडला नाही. "मास्टर बसवून वरीस न्हाई झालं," म्हणाले. मग हवा काढली. दाब, धर, सोड. पेडल वर आलं, कडक झालं आणि जागेवर राहिलं. मी बराच वेळ धरून बसले. जराही सरकलं नाही.

शनिवारी गावाबाहेर चढउतारावर चालवून बघितली. ब्रेक चांगला लागला. आणि मी मनाशी हिशेब घातला, की नवं तेल आलं, नवी रबरं आली, माझी चूक धुतली गेली. आता सांगून काय होणार? मित्राचं नंतर बघू. बाळ झालं की पेढे द्यायला हे जातीलच सांगलीला. असलं सगळं मी मनात बोलत होते. माझं मनातलं बोलणं चांगलं चालतं.

रविवारी पहाटे निघालो. मागच्या सीटवर लेकीसाठी दोन उशा, गोधडी, पाण्याचा कॅन. विट्यावरून कराड आणि पुढं हायवे. कराडपर्यंत हे शीळ घालत होते. साताऱ्याच्या अलीकडं शीळ थांबली.

"गाडी जड चालाय लागली," म्हणाले.

मी मागं हात घालून घसरलेली उशी सरळ केली.

पाचवड फाट्याला वाईकडं वळलो तेव्हा हे वरचेवर ब्रेकवर हलकाच पाय ठेवून बघायला लागले. "पेडल वर आलंय. अंगठ्यानं नुसतं टेकवलं तरी लागतंय." मला वाटलं, वर आलंय म्हणजे चांगलंच. पण ह्यांचा चेहरा तसा नव्हता. थोड्या वेळानं वास यायला लागला. तव्यावर कापड धरावं तसला, करपट. वाईत एस.टी. स्टँडच्या पुढं सावली बघून ह्यांनी गाडी बाजूला घेतली. खाली उतरून चाकाला हात लावला आणि चटकन मागं घेतला. पाण्याचे दोन थेंब ड्रमवर टाकले, चर्र झालं.

मागची बाजू जॅकवर उचलली. चाक हातानं फिरेना. ह्यांनी मागची तोटी जराशी सैल केली, तर तेलाची चिळकांडी उडाली. मी तर पेडलाला पायही लावला नव्हता. आणि चाक मोकळं होऊन फिरायला लागलं.

"तेल जातंय पण परत येत न्हाई," हे म्हणाले. "पाय काढला तरी ब्रेक धरूनच बसतोय. मास्टरमधली परतीची वाट बंद हाय. का पर? मास्टर तर नवाच."  वर घाटाचा रस्ता डोंगरावर चढत गेलेला दिसत होता. लेकीचा फोन आला. "बाबा, कुठपर्यंत? मामंजी मघापासनं दारात उभे आहेत. म्हणतायत, ढकलत आणतायत काय गाडी?"

"आलो, आलो. वाईत हाय," हे म्हणाले. फोन ठेवला आणि माझ्याकडं न बघता बोलले, "थंड होऊ दे. थोडं तेल सोडू, हवा काढू. चढाला ब्रेक लागत न्हाई. येताना सेकंडवर उतरू, सावकाश. लागला तर लागला, न्हाईतर हँडब्रेक हाय. वर बस."

मी वर बसले. हे मागच्या चाकाखाली सरकले. मला ह्यांचे बूट तेवढे आरशात दिसत होते.

"दाब."

मी दाबलं नाही.

"दाब की."

मागच्या सीटवर त्या दोन उशा होत्या. 

"अगं, दाब म्हणतोय न्हवं!"

"आवं," मी म्हणाले, "तेल मी घातलं."

 स्टँडवरून कंडक्टर महाबळेश्वर, महाबळेश्वर म्हणून ओरडत होता.

"काय म्हणालीस?"

"डबीत तेल मी घातलं. खंडेनवमीला."

बूट हलले. हे पाठीवर सरकत बाहेर आले, पण उठले नाहीत. रस्त्यावर बसूनच विचारायला लागले, आणि तेही आजारी माणसाला डॉक्टर विचारतो तसं.

"कसलं?"

"शिलाई मशीनचं."

"किती?"

"अर्धी वाटी असंल. डबी भरंपर्यंत."

"म्हणजे आधी मास्टरातच गेलं," हे म्हणाले. "म्हणून त्याची रबरं फुगली, म्हणून वाट बंद झाली. तरीच." ह्यांच्या तोंडावर क्षणभर उत्तर सापडल्याचं समाधान दिसलं. मग ते गेलं. माझ्याकडं बघून विचारलं, "आणि त्यो आपल्या अंगणात आला हुता, तवा तू कुठं हुतीस?"

"दारामागं."

"सगळं ऐकलंस?"

"व्हय."

"मी त्याला काय काय बोललो, ते बी?"

मी मान हलवली. मला वाटलं होतं हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. हे कितीतरी वेळ हातातला पाना या हातातून त्या हातात घेत राहिले.

"मला सांगायला भ्या वाटलं?"

"व्हय."

"आणि घाटाचं भ्या न्हाई वाटलं?"

"ते जास्त वाटलं," मी म्हणाले. "म्हणून सांगितलं."

हे उठले. जॅक काढला, चाकाखाली दगड लावले, गाडी कुलूपबंद केली. मग फोन काढून माझ्यापुढं धरला. "त्याला लाव. तू लाव. मी न्हाई बोलणार."

लेकीशी सोडून मी फोनवर कुणाशी बोलत नाही. घंटी वाजत होती तोवर वाटत होतं, उचलू नये त्यानं. त्यानं उचलला. "आता काय राह्यलंय बोलायचं?" असं म्हणाला. त्याला वाटलं हेच आहेत.

"मी हाय. वहिनी."

तो म्हणाला, "वहिनी, वीस वर्षांत तुमचा आवाज मी आज ऐकला."

मी एका दमात सगळं सांगितलं. खंडेनवमी, डबी, दारामागचं उभं राहणं, चहा. मध्ये थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं. तो हुं हुं करत ऐकत होता. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "गाडी कुठं हाय आत्ता?"

"वाईत. स्टँडापाशी."

"वर न्हेली न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"आणि पोरगी?"

"वरच हाय. वाट बघतिया."

त्यानं मोठा श्वास सोडला. "मग ठीक हाय. गाडी हलवायची न्हाई. नुसता मास्टर बदलून भागायचं न्हाई. चाकातली नवी रबरं, लवचीक पाईप, जिथं जिथं रबर हाय ते सगळं टाकायचं, लोखंडी पाईप धुवायचं. मी उद्या सामान घिऊन येतो वाईला. पर एक सांगा त्याला. तुमी फोन केला म्हणून मी येतोय. फोन त्यानं करायचा हुता."

फोन चालूच होता. मी तो ह्यांच्याकडं केला. ह्यांनी घेतला नाही. मी हात खाली केला नाही. मग घेतला, कानाला लावला, आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, "मास्टरच्या रबरांचा किट पाऊण इंची आण." पुढं जरा वेळ नुसतं ऐकत राहिले. मग पाठ फिरवून चार पावलं लांब गेले. मला एवढंच ऐकू आलं, "व्हय. म्हटलो खरं. चुकलंच माझं."

महाबळेश्वरच्या एस.टी.त आम्हांला जागा मिळाली नाही. घाटभर दांड्याला धरून उभे राहिलो. हे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. तिकिटं मात्र दोघांची काढली, आणि वळणावर माझा तोल गेला तेव्हा कोपराला धरलं, आणि सोडलं.

व्याही दारातच होते. आम्ही चालत येताना बघून त्यांनी दोन्ही हात पसरले. "पाव्हणं! गाडी कुठाय?"

सुनेला न्यायला आलेत म्हणून शेजारपाजारच्या चार बायका ओटीवर बसल्या होत्या. मी पदर पुढं ओढला. आता हे माझं नाव घेणार असं मला वाटलं. मी केलंच होतं, घेतलं असतं तर काय बोलणार होते?

"गाडी वाईत ठेवली," हे म्हणाले. "ब्रेकची खात्री न्हवती."

"आणि दारात उभी करणार हुता की!"

"न्हाई जमलं."

व्याह्यांच्या जिभेवर आणखी काहीतरी आलं होतं, ते दिसत होतं. पण मागून लेक पोट सावरत बाहेर आली, तिच्याकडं बघून त्यांनी ते गिळलं. "बरं केलं," म्हणाले. "आत या. च्या घ्या आधी."

परतताना एस.टी.च्या ड्रायव्हरला सांगून लेकीला पुढच्या बाकावर खिडकीशी जागा मिळवली. तिच्या शेजारी मी, आमच्या मागं हे, दोन्ही पिशव्या मांडीवर घेऊन. घाट सुरू झाला. ड्रायव्हर वळणावळणाला ब्रेक लावत होता आणि प्रत्येक वेळी बस नाक दाबून थांबल्यासारखी व्हायची, पुन्हा सुटायची. लेकीनं मागं वळून विचारलं, "बाबा, खरं काय झालं गाडीला?"

"आईला इचार," हे म्हणाले.

दिवसभरात माझ्याबद्दल ह्यांनी काढलेला हा पहिला शब्द. मला समजेना, ही शिक्षा आहे की काय आहे. मी लेकीला सांगितलं. हळू आवाजात, पण सगळं. मित्राला काय बोलणं बसलं तेही. सांगायला निम्मा घाट लागला. मशीनच्या तेलापाशी ती हसली, कुंकवापाशी जास्तच हसली. फुगलेल्या रबरापाशी हसायची थांबली. तिनं पोटावर हात ठेवला आणि खिडकीतून खाली बघितलं. खाली धोम धरणाचं पाणी लांबवर दिसत होतं, आणि रस्त्याच्या कडेला वीतभर उंचीचा कठडा.

"आई," ती म्हणाली, "आणि वाईत नसतं सांगितलंस तर?"

मागं पिशवीची सळसळ झाली. हे पुढं वाकून ऐकत होते.

"तर तू आत्ता त्या गाडीत असतीस," मी म्हणाले.

तिचा हात पोटावरच होता.  पुढच्या वळणावर समोरून एक ट्रक आला, ड्रायव्हरनं बस जागच्या जागी उभी केली, आणि ट्रक जाईपर्यंत मी पाय खालच्या फळीवर दाबून धरला होता.